डॉक्टर, फौजी आणि गणितशिक्षक : सौदी अरेबियातील समकालीन चित्रकारांची घडण

सौदी अरेबिया म्हटले की वाळवंट आणि तेलविहिरी डोळ्यांसमोर येतात. पण या देशाच्या समकालीन कलेचा उगम शोधायचा तर नैर्ऋत्येकडील असीर या डोंगराळ प्रांतात जावे लागते. अबहा हे त्या प्रांताचे मुख्य शहर सुमारे २२०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथे धुके उतरते, पाऊस पडतो आणि डोंगरउतारांवर पायऱ्यापायऱ्यांची शेते दिसतात. कोकणातून घाट चढून आलेल्या मराठी माणसाला हा मुलूख फारसा परका वाटू नये. इथल्या घरांच्या आतल्या भिंती रंगवण्याची ‘अल-कत्त अल-असीरी’ ही कला परंपरेने स्त्रियांची. पाहुण्यांच्या खोलीत गिलाव्यावर त्रिकोण, चौकोन आणि रेघांचे पट्टे लाल, निळ्या, पिवळ्या रंगांत काढले जातात, आणि या कामाला शेजारपाजारच्या बायका एकत्र जमतात. २०१७ मध्ये युनेस्कोने या कलेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. वारली चौकही मूळचा सुवासिनींच्या हातचा होता, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या साम्याचे नवल वाटणार नाही.

याच अबहा शहरात प्रांताचे तत्कालीन राज्यपाल प्रिन्स खालिद अल-फैसल यांच्या पुढाकाराने ‘अल-मिफ्ताहा’ हे कलाग्राम उभे राहिले. प्रिन्स स्वतः कवी आणि चित्रकार. कलाग्रामात स्थानिक चित्रकारांना कामासाठी खोल्या मिळत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेथे येणाऱ्यांत वैद्यकीय महाविद्यालयाचा एक विद्यार्थी होता आणि सैन्यातील एक तरुण अधिकारी होता. पहिला अहमद मातेर, दुसरा अब्दुलनासर घारेम. २००३ मध्ये स्टीफन स्टेपलटन हा ब्रिटिश चित्रकार फिरत फिरत तेथे पोहोचला आणि या तिघांच्या गप्पांतून ‘एज ऑफ अरेबिया’ या उपक्रमाची कल्पना निघाली. २००८ मध्ये लंडनच्या ‘सोआस’ या संस्थेतील ब्रुनाई गॅलरीत त्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले. सौदी समकालीन कला या नावाचे काही अस्तित्वात आहे, हे बाहेरच्या जगाला प्रामुख्याने तेव्हा कळले.

कलाशाळेविना कलाकार

महाराष्ट्रात चित्रकाराची घडण साधारण ठरलेल्या वाटेने होते. मुंबईत सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ पासून आहे, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा, पुढे पदविका, मग जहांगीरमध्ये प्रदर्शन, हा क्रम तीन-चार पिढ्यांच्या अंगवळणी पडला आहे. सौदी अरेबियात असा मार्गच नव्हता. १९६५ मध्ये रियाधला कलाशिक्षण संस्था निघाली. पण तिचा मुख्य हेतू शाळांसाठी चित्रकलेचे शिक्षक तयार करणे हा होता. ज्यांना त्यापुढे जायचे होते त्यांनी परदेश गाठला. मक्केत जन्मलेले अब्दुलहलीम रदवी रोमला शिकले, मोहम्मद अल-सलीम फ्लॉरेन्सला. वाळवंटाच्या क्षितिजरेषेवरून अल-सलीम यांनी आपली स्वतंत्र चित्रशैली घडवली. त्यांची चित्रे आज लिलावांत मोठ्या किमतीला जातात, हयातीत मात्र त्यांच्या वाट्याला असा भाव आला नव्हता. सफेया बिनझगर यांनी १९६८ मध्ये मुनीरा मोसली यांच्यासह जेद्दातील एका मुलींच्या शाळेत आपली चित्रे मांडली. प्रदर्शनासाठी शाळा, कारण कलादालन नव्हते. हिजाझमधील जुनी घरे, लग्नसमारंभ, पोशाख यांची नोंद करण्यात बिनझगर यांनी आयुष्य घालवले. २०२४ मध्ये त्या निवर्तल्या.

याच जेद्दात १९७० च्या दशकात महापौर मोहम्मद सईद फारसी यांनी हेन्री मूर, मिरो, काल्डर यांसारख्यांची शिल्पे रस्त्यांच्या चौकांत आणि समुद्रकाठी आणून ठेवली. म्हणजे जगातील नामवंत आधुनिक शिल्पकारांच्या कृती चौकात उभ्या आणि त्या शिकवणारी शाळा मात्र नाही, अशी ती विचित्र स्थिती होती.

परिणाम असा झाला की १९७० नंतर जन्मलेली पिढी कलेकडे आली ती दुसऱ्या व्यवसायांतून. कोणी डॉक्टर, कोणी संगणक-विश्लेषक, कोणी वास्तुविशारद, कोणी गणिताचा शिक्षक. हे केवळ चरित्रातले मनोरंजक तपशील मानले तर मोठी चूक होईल. त्यांच्या कलेची सामग्री आणि तिचा विचार त्या त्या कामाच्या टेबलावरूनच आलेला आहे.

क्ष-किरण आणि लोहचूर्ण

अहमद मातेर यांचा जन्म १९७९ चा, तबूकचा. पण ते वाढले अबहा परिसरात. वैद्यकीय शिक्षण त्यांनी तेथेच घेतले आणि डॉक्टर म्हणून काम करत असतानाच क्ष-किरणांच्या फिल्मा चित्रांत वापरायला सुरुवात केली. हस्तलिखित कुराणाच्या पानांना असते तशी सोनेरी-निळी वेलबुट्टीची चौकट आणि आत मजकुराच्या जागी माणसाच्या छातीचा सांगाडा, अशी त्यांची ‘इल्युमिनेशन’ ही मालिका. धार्मिक हस्तलिखित आणि रुग्णाचा अहवाल या दोन्ही कागदांवर माणूस सारख्याच श्रद्धेने नजर लावतो, हे ज्याने दवाखान्यात बसून पाहिले आहे त्यालाच सुचावे असे हे काम आहे. २०१० च्या ‘इव्होल्यूशन ऑफ मॅन’ मध्ये पाच क्ष-किरण प्रतिमा ओळीने प्रकाशपेट्यांवर लावलेल्या आहेत : एका टोकाला पेट्रोलपंप, दुसऱ्या टोकाला डोक्याला पिस्तूल लावलेला माणूस आणि मधल्या तीन प्रतिमांत एकाचे दुसऱ्यात होणारे रूपांतर. तेलावर उभ्या असलेल्या देशातील नागरिकाने हे केले, यात त्याचे वजन आहे.

मातेर यांची सर्वाधिक गाजलेली कृती मात्र याहून साधी आहे. ‘मॅग्नेटिझम’ मध्ये एक काळा चौकोनी लोहचुंबक मध्यभागी असतो आणि त्याच्याभोवती लोखंडाचा कीस वर्तुळाकार उभा राहिलेला असतो. काबागृह आणि त्याला प्रदक्षिणा घालणारे लाखो यात्रेकरू ओळखायला कोणाला स्पष्टीकरण लागत नाही. २०१२ मध्ये ब्रिटिश म्युझियमने हज यात्रेवर भरवलेल्या प्रदर्शनात ही कृती होती.

त्यानंतर ते मक्केकडे वळले. २००२ मध्ये तेथील ऑटोमन काळातील अजयाद किल्ला पाडण्यात आला आणि त्या जागी सहाशे मीटर उंचीचा घड्याळमनोरा असलेले हॉटेल-संकुल उभे राहिले. जुने मोहल्ले जमीनदोस्त होताना, क्रेनांची रांग लागलेली असताना, मजूर राहत होते त्या खोल्यांत आणि टेकड्यांवर जाऊन मातेर यांनी अनेक वर्षे छायाचित्रे घेतली. ‘डेझर्ट ऑफ फारान’ या नावाने त्यांचे पुस्तक २०१६ मध्ये आले. जेद्दात वर्षानुवर्षे नोकरी करणाऱ्या बिगरमुस्लिम भारतीयाला मक्केचा रस्ता महामार्गावरच्या फलकापाशी संपतो. त्या फलकापलीकडील शहर कसे बदलले आणि ते बदलणारे हात कुणाचे होते, हे त्याला या पुस्तकात पाहता येते. त्या हातांत दक्षिण आशियाई हात थोडेथोडके नाहीत.

शिक्क्यांची चित्रे

अब्दुलनासर घारेम (जन्म १९७३, खमीस मुशैत) सौदी सैन्यात लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. सैन्यातील अधिकाऱ्याचा निम्मा दिवस कागदांवर शिक्के मारण्यात जातो. घारेम यांनी तो शिक्काच हाती घेतला. रबरी शिक्क्यांवरची हजारो सुटी अक्षरे फळीवर दाटीने बसवून त्यावर ते चित्र काढतात. दुरून पाहावे तर घुमट किंवा रणगाडा आणि जवळ जावे तर उलट्या अक्षरांत दडवलेली वाक्ये. इकामा, एक्झिट-रीएंट्री आणि साक्षांकनाच्या खिडक्यांपुढे ज्यांनी उमेदीची वर्षे काढली त्या वाचकांना या माध्यमाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

‘सिरात’ ही त्यांची कृती खरे तर याहून मोठी. १९८२ मध्ये तिहामा भागात पूर आला तेव्हा एका खोऱ्यातील गावकरी नव्या काँक्रीटच्या पुलावर जाऊन थांबले. सरकारने बांधलेला पूल आपल्याला वाचवील असा त्यांचा विश्वास होता. पूल वाहून गेला आणि माणसेही गेली. पुढे कित्येक वर्षांनी घारेम आपल्या सहकाऱ्यांसह त्या तुटक्या पुलावर गेले आणि उरलेल्या डांबरी पृष्ठभागावर ‘अल-सिरात’ हा एकच शब्द रंगाच्या फवाऱ्याने पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. सिरात म्हणजे मार्ग. नमाजात रोज म्हटला जाणारा हा शब्द नरकावरून स्वर्गाकडे नेणाऱ्या पुलाचेही नाव आहे. दुर्घटनेचे स्मारक बांधण्याची परवानगी कोणाकडे मागावी लागली असती. शब्द लिहायला लागली नाही.

२०११ मध्ये दुबईच्या क्रिस्टीज लिलावात त्यांची ‘मेसेज/मेसेंजर’ ही कृती ८,४२,५०० डॉलरला विकली गेली. सापळ्याच्या टोपलीसारखा एका बाजूने टेकू देऊन उचललेला मशिदीचा घुमट आणि त्याखाली कबुतर, असे ते मांडणीशिल्प आहे. हयात अरब कलाकाराच्या कृतीला तोवर एवढी किंमत आली नव्हती. घारेम यांनी ती रक्कम कलाशिक्षणासाठी ‘एज ऑफ अरेबिया’ला दिली. पुढे रियाधमध्ये त्यांनी सुरू केलेल्या स्टुडिओत धाकटे कलाकार एकत्र काम करू लागले. त्यांचे बंधू अजलान घारेम हे गणिताचे शिक्षक. २०१५ मध्ये त्यांनी रियाधबाहेर वाळवंटात लोखंडी जाळीची मशीद उभारली. तारेच्या कुंपणाला वापरतात तीच जाळी, आत गालिचे आणि बाहेरून आरपार दिसणारे नमाजी. प्रार्थनास्थळ की पिंजरा, हा प्रश्न पाहणाऱ्यावर सोडलेला. या कृतीला २०२१ चा जमील पुरस्कार लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मिळाला.

कबुतरे, नावे आणि कापड

मनाल अल-दोवायान यांचा जन्म १९७३ चा, धाहरानचा. अराम्को कंपनीच्या वसाहतीच्या वातावरणात त्या वाढल्या, संगणकप्रणाली-विश्लेषणाचे शिक्षण घेतले आणि सुमारे दहा वर्षे त्याच कंपनीत नोकरी केली. २०११ च्या ‘सस्पेंडेड टुगेदर’ मध्ये छतापासून दोनशे पांढरी कबुतरे टांगलेली आहेत. प्रत्येकाच्या अंगावर एक सरकारी कागद छापला आहे : स्त्रीला प्रवासाची परवानगी देणारे, पुरुष पालकाच्या सहीचे पत्र. हे कागद देशातील शास्त्रज्ञ, पत्रकार, अभियंता, शिक्षिका अशा कर्तबगार स्त्रियांनी स्वतःहून दिलेले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये एकवीस वर्षांवरील स्त्रियांसाठी ही परवानगी रद्द झाली आणि निषेध म्हणून टांगलेली कबुतरे ऐतिहासिक दस्तऐवज होऊन बसली.

त्यांच्या ‘इस्मी’, म्हणजे ‘माझे नाव’, या २०१२ च्या कामाची हकीकत मराठी वाचकाला विशेष जवळची वाटेल. सौदी समाजात पुरुषाने चारचौघांत आईचे, बहिणीचे किंवा पत्नीचे नाव उच्चारणे संकोचाचे मानले जाई. अल-दोवायान यांनी शेकडो स्त्रियांना कार्यशाळांत बोलावले आणि जपमाळेच्या मण्यांसारख्या मोठ्या लाकडी गोळ्यांवर प्रत्येकीला स्वतःचे नाव लिहायला लावले. आपल्याकडे पतीचे नाव तोंडाने घ्यायचे नाही म्हणून उखाणा जन्मला. तेथे स्त्रीचे नाव घ्यायचे नाही म्हणून ही माळ ओवली गेली. २०२४ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत सौदी दालनाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. वाळवंटातील स्फटिकफुलांच्या आकाराच्या महाकाय कापडी पाकळ्या आणि हजाराहून अधिक स्त्रियांच्या आवाजांनी बनलेला ध्वनी, असे ते काम होते.

सारा अबू अब्दुल्ला (जन्म १९९०, कतीफ) यांनी तर एकच साधी कृती केली : अपघातात चेपलेली एक मोटार बाहेरून गुलाबी रंगवली आणि त्याचे चित्रीकरण केले. स्त्रियांना वाहन चालवण्याचा परवाना मिळण्याआधीची ही गोष्ट. तो मिळाला जून २०१८ मध्ये. याउलट माहा मलूह (जन्म १९५९) घरातल्या वस्तू गोळा करतात. पाव भाजण्याच्या लाकडी ट्रेमध्ये रचलेल्या धार्मिक प्रवचनांच्या जुन्या कॅसेटी, किंवा भिंतभर टांगलेली चुलीवर काळवंडलेली भांडी. ‘फूड फॉर थॉट’ हे त्यांच्या मालिकेचे नाव.

दाना अवर्तानी यांचे वळण वेगळे आहे. १९८७ मध्ये जेद्दात पॅलेस्टिनी मूळ असलेल्या कुटुंबात त्या जन्मल्या. लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्समध्ये आधुनिक कला शिकल्यावर त्यांनी पारंपरिक कलांच्या शाळेत पुन्हा श्रीगणेशा केला. इस्लामी भूमिती आणि हस्तलिखितांची सजावट त्या गुरुपरंपरेने शिकल्या. २०१७ मध्ये जेद्दातील एका पडीक जुन्या घरात त्यांनी रंगीत वाळूने फरशीची नक्षी जमिनीवर घातली. आपल्या अंगणात रांगोळी घालतात तशी, पण अख्ख्या खोलीभर आणि भूमितीच्या काटेकोर नियमांनी. मग हातात झाडू घेऊन ती स्वतःच झाडून टाकली. झाडतानाची चित्रफीत ही ती कृती. तेलाच्या पैशाने जुन्या घरांतून सिमेंटच्या घरांत गेलेल्या पिढीने काय झाडून टाकले, हे सांगण्याची ती रीत होती.

त्यांच्या दुसऱ्या कामाचा धागा थेट भारतात येतो. पश्चिम आशियातील युद्धांत आणि हल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या वास्तूंच्या जागा त्या रेशमी कापडावर फाडून दाखवतात आणि मग ती प्रत्येक फाट रफू करतात. हे कापड केरळमध्ये औषधी वनस्पती आणि मसाल्यांच्या अर्कात रंगवलेले असते. जखम शिवायची ती औषधाने भिजलेल्या वस्त्रावर, ही त्यामागची कल्पना. २०२४ मध्ये व्हेनिसला दाखवलेल्या आवृत्तीत गाझातील उद्ध्वस्त जागांची भर पडली होती. रफू लपवता येतो तितका चांगला असे आपला शिंपी मानतो. अवर्तानी तो मुद्दाम दिसू देतात.

मुहन्नद शोनो (जन्म १९७७, रियाध) यांचे कुटुंब सीरियातून आलेले. वास्तुशास्त्र शिकले, सुरुवात कॉमिक्सने केली. २०२२ मध्ये व्हेनिसला त्यांनी सुमारे चाळीस मीटर लांबीचे, काळ्या रंगाच्या खजुराच्या झावळ्यांचे, श्वास घेतल्यासारखे हलणारे ‘टीचिंग ट्री’ मांडले. अल-बाहा येथील झहरा अल-घामदी माती, दगड, चामडे यांत काम करतात. रियाधचे कवी-चित्रकार अब्दुल्ला अल-उस्मान यांनी जुन्या जेद्दातील एक वास्तू चंदेरी वर्खात गुंडाळली, तर २०२१ मध्ये रियाधच्या दुकानांवरच्या जुन्या पाट्यांची एक भिंतच रचली.

राजाश्रय आणि त्याची किंमत

२०१८ मध्ये स्वतंत्र सांस्कृतिक मंत्रालय स्थापन झाले आणि चित्र झपाट्याने पालटले. त्याआधी २०१४ पासून ‘२१,३९’ हा वार्षिक कलामहोत्सव (हे आकडे जेद्दाच्या अक्षांश-रेखांशांचे) आणि २००९ मध्ये सुरू झालेले अथर कलादालन, असे मुख्यतः खाजगी प्रयत्न होते. आता डिसेंबर २०२१ पासून दिरिया येथे द्वैवार्षिकी भरते, जुन्या गोदामांच्या ‘जॅक्स’ वसाहतीत स्टुडिओ आहेत, मिस्क कलासंस्थेची निवासी शिष्यवृत्ती आहे, २०२३ पासून जेद्दा विमानतळाच्या हज टर्मिनलवर इस्लामी कलांची द्वैवार्षिकी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सदबीजने दिरियात लिलावही केला. दिरियाच्या २०२६ च्या द्वैवार्षिकीसाठी नोरा रझियान यांच्याबरोबर भारतीय अभ्यासक सबीह अहमद यांची निवड झाली.

एवढा पैसा, एवढ्या इमारती आणि एवढा उत्साह पाहताना अशरफ फयाद यांचे नाव विसरून चालणार नाही. अबहात जन्मलेले हे पॅलेस्टिनी कवी आणि कलाकार. २०१३ मध्ये व्हेनिस येथील सौदी कलाकारांच्या प्रदर्शनाचे ते एक संयोजक होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये धर्मत्यागाच्या आरोपावरून त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. त्यांचा कवितासंग्रह पुरावा म्हणून पुढे आला होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये ती शिक्षा आठ वर्षांची कैद आणि ८०० फटके अशी बदलण्यात आली. २०२२ मध्ये ते सुटले. घारेम आणि मातेर यांच्याच शहरातला, त्यांच्याच वर्तुळातला हा माणूस होता. पत्रकार जमाल खशोगी यांच्या २०१८ मधील हत्येनंतर अल-उला येथील ‘डेझर्ट एक्स’ प्रदर्शनाच्या भागीदारीवरून मूळ अमेरिकी संस्थेच्या मंडळातील तिघांनी राजीनामे दिले. चित्रकार एड रुशे त्यांपैकी एक. सौदी कलाकारांपैकी अनेकांनी मात्र त्या प्रदर्शनात भाग घेतला. बाहेरच्याला बहिष्कार परवडतो. ज्याला आयुष्यात प्रथमच आपल्या देशात कृती मांडायला जागा मिळते आहे त्याचा हिशेब वेगळा असतो. हा भेद मानला तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही : २०१० च्या आसपासच्या कामांत पिंजरा, सापळा, शिक्का, पिस्तूल या प्रतिमा होत्या, अलीकडच्या मोठ्या प्रकल्पांत वाळू, पाणी, स्मृती आणि निसर्ग अधिक दिसतात. संदिग्धता हे या कलाकारांचे पहिल्यापासूनचे हत्यार होते. आता ते कुणाच्या बाजूने चालते, हे प्रत्येक कृतीपाशी थांबून ठरवावे लागते.

पूर्वेकडील खोबर-जुबेल पट्ट्यात राहणाऱ्यांना धाहरानचे ‘इथ्रा’ केंद्र जवळचे आहे, रियाधकरांना जॅक्स आणि तेथील समकालीन कलासंग्रहालय, जेद्दात २०२१ मध्ये सुरू झालेले ‘हय्य जमील’. अल-उलाच्या दऱ्यांत ‘वादी अल-फन’ हा कायमस्वरूपी शिल्पांचा प्रकल्प आकार घेत असून त्यात जेम्स टरेल, अॅग्नेस डेनेस यांच्या बरोबरीने मातेर आणि अल-दोवायान यांची निवड झाली आहे. अल-दोवायान यांनी त्यासाठी अल-उला परिसरातील शेकडो रहिवाशांना आपापल्या आठवणी कागदावर रेखाटायला सांगितल्या. जुन्या गावाच्या गल्लीबोळांसारख्या भिंती बांधून त्यांवर ती रेखाटने कोरली जायची आहेत.